अच्युतमामाच्या पानात स्लायडर

दुपारी होस्टेलच्या खोलीत मी लॅपटॉपवर गाल टेकवतो. डोळे मिटताना शेवटचा दिसतो तो कृत्तिकाचा मेसेज : "फीचर्स कमी कर, नाहीतर दुसरी पार्टनर बघ." आमचं प्रोजेक्ट म्हणजे होस्टेलच्या मेसची वेबसाइट. मी तिच्यात डझनभर फीचर्स घातलीत आणि सगळी मला पोटच्या पोरांसारखी आहेत.

लॅपटॉपची कडा लांबत जाते, लांबत जाते आणि तिची पंगत होते. समोर केळीच्या पानावर अच्युतमामा बसलाय. मामा गेल्या वर्षी वारला. जिवंतपणी त्याला लग्नात कुणी जेवताना पाहिलं नाही. तो वाढायचा. कुणी 'पुरे' म्हणून पानावर हात आडवा धरला, तर हातावर जिलबी ठेवायचा.

"मामा, तू चक्क बसलास?"

"मेल्यावर तरी बसू दे. भूक लागलीय रे. तुझ्या साइटवर जेवण मिळतं म्हणे."

मी कंबर कसतो. आधी स्लायडर. मामाचं पान आपोआप सरकतं, त्या जागी शेजाऱ्याचं येतं. मामा घास उचलेपर्यंत तेही सरकतं.

"हे काय?"

"आकर्षक दिसतं."

"आणि मी उपाशी दिसतो, त्याचं?"

मीठ पानात नाही. ते मेनूच्या तीन आडव्या रेघांखाली लपवलंय. मामा रेघांना बोट लावतो. मीठ, लिंबू, चटणी उसळून वर येतात, नमस्कार करतात, परत आत जातात. मग डार्क मोड. मांडवातले दिवे जातात.

"भाच्या, हात अळूत गेला का मठ्ठ्यात?"

"डोळ्यांना आराम पडतो, मामा."

"पोटाला?"

मसालेभाताची बादली घेतलेला वाढपी जागच्या जागी गोल फिरतोय. लोडिंग. तेवढ्यात पॉपअप येतो, सोवळं नेसून, थेट पानात उभा. "नोटिफिकेशन घ्या! घ्याच! आमच्यासाठी एक!" मामा दोन्ही हात पानावर आडवे धरतो. पॉपअप हातांवर नोटिफिकेशन ठेवतो.

मामा त्याच्याकडे बघतच राहतो. मग इतका हसतो की अख्खी पंगत हलते.

"अरे, हा तर मी!"

"तुझ्यावरच बेतलाय."

"गाढवा, पण मी आधी वरणभात वाढायचो. आग्रह नंतर. तुझ्या साइटवर पोरं काय बघायला येणार?"

"आज भाजी काय आहे ते."

"मग वाढ की!"

मी पॉपअपला कडेवर घेऊन मांडवाबाहेर जातो. बाहेर कऱ्हाडचं एसटी स्टँड आहे. तो कंडक्टरलाच आग्रह करत गाडीत चढतो. परत येऊन मी रेघा पुसतो, दिवे लावतो, पान थांबवतो. वर मीठ, डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी, मध्ये भाताची मूद आणि तिच्यावर वरण. मामा जेवायला लागतो. बोटं चाटत, मिटक्या मारत. मामाला जेवताना मी पहिल्यांदा बघतोय. तो जेवताना थेट आईसारखा दिसतो.

मग तो ढेकर देतो. ढेकर रिंगटोनसारखा वाजतो. कृत्तिकाचा व्हिडिओ कॉल.

"ठरलं?"

"आजची भाजी, जेवणाची वेळ आणि 'आज जेवायला नाही' असं एक बटण. बाकी सगळं मी काढतोय."

"पॉपअपसुद्धा? तुझा लाडका?"

"त्याला गाडीत बसवून दिलं."

ती हसायला लागते. "बरं, आहे मी प्रोजेक्टमध्ये. पण तुझ्या गालावर काय उमटलंय?"

मी आरशात बघतो. खरं तर कीबोर्डचे चौकोन उमटायला हवे होते. उमटल्यात केळीच्या पानाच्या शिरा.