कॉलर कोणाची धरायची

कापसाची प्रत आता कॉम्प्युटर ठरवणार, म्हणून जळगावात व्याख्यान ठेवलं होतं. यंत्र विकणारा टायवाला बोट नाचवत म्हणाला, "धोका शून्य." प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "आता माणूस संपला." दोघांची नक्कल मी आजही करतो. दोघांनी कापूस फक्त गादीत पाहिला असेल.

माझ्या शेजारी खरेदी केंद्रावरचा एक ग्रेडर बसला होता. ऐकता ऐकताही तो कापसाचा पुंजका ताणून धागा किती लांब आहे ते बघत होता. तो उठला. "साहेब, मी चुकनू ते शेतकरी मनी कॉलर धरस. हाई यंत्र चुकनं ते कोनी कॉलर धरानी?"

टायवाल्याने प्राध्यापकांकडे बघितलं, प्राध्यापकांनी घड्याळाकडे. अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, हा तज्ज्ञांचा विषय आहे. खाली बसा."

अरे, रोज शेतकऱ्यांच्या शिव्या खाऊन प्रत ठरवणारा माणूस तज्ज्ञ नाही, तर कोण? सभागृह शेतकऱ्यांनी भरलेलं होतं, भाव त्यांच्याच कापसाचा ठरणार होता. ग्रेडर पुंजका खिशात टाकून निघून गेला. त्याच्या बाजूने एकही माणूस बोलला नाही. एवढा तोंडाळ मी, मीसुद्धा नाही.