पोळ्याच्या दिवशी मुसकी

आमचे हे, कवडू, वाडीच्या गोठ्यावर बैल सांभाळत. मालक भैयाजी, इतवारीतले सरकीच्या ढेपेचे व्यापारी. उन्हाळ्यापासून पोळ्यापर्यंत हाडकलेले बैल घ्यायचे, दोन-चार महिने बांधून खुराक द्यायचा अन् दिवाळीच्या आधी बाजारात उभे करायचे, असा त्यायचा धंदा. खुराक द्यायचं काम ह्यायचं. अन् माणूस असा काटेकोर का काही विचारू नका! नवा बैल आला का आठ दिवस निस्तं कुटार, कोरडा भुसा. मंग मूठभर ढेप, मंग दोन मुठी. उपाशी पोटात एकदम दाणा गेला का तो आंबते अन् बैल हातचा जाते, असं ते म्हणत. रोज सकाळी एकेकाच्या डाव्या कुशीवर हात ठेवून पाहत, शेण पाहत, रवंथ करून राहिला का ते पाहत. माह्यं डोकं दुखलं तं ह्यायले दोन दिवसांनी समजे.

चौऱ्याहत्तरच्या पोळ्याले चांद्या नावाचा बैल नवाच आलता. निरा हाडाचा सापळा. गावभर पुरणाचा वास, अन् याच्यापुढं कुटार. माह्या जिवाले काही बरं वाटेना. हे आंघोळीले गेले अन् म्या घरून टोपलंभर ज्वारी आणून त्याच्यापुढं ओतली. दुसऱ्या दिवशी चांद्या बसला तो उठलाच नाही. भैयाजीनं विचारलं तं हे म्हणे, "माह्या हातून दाणा जास्त पडला, मालक." म्या ऐकलं अन् चूप राहिली. भेली ना! हे उगाच स्वतःले दोष देऊन राहिले, अन् मी सालभर निमूट पोळ्या लाटून राहिली.

पुढच्या पोळ्याले गोठ्यात बावीस बैल, त्यातले बारा नवे. ह्यायनं आठ दिवस आधीपासून सुताची जाळी विणून मुसकी केली, अन् सणाच्या सकाळी साऱ्यायच्या तोंडाले बांधली. शिंगाले रंग, गळ्यात घुंगरं, अन् तोंडाले मुसकं! वाडीची माणसं हसून हसून बेजार. "कवडू बह्याड झाला गा!"

दुपारी भैयाजी अन् मालकीण शोभाताई आले. बाईच्या हातात पुरणपोळ्यायचं ताट. मुसकी पाहून ताटासकट थबकल्या.

"सणाच्या दिवशी मुक्या जनावराचं तोंड बांधते?" भैयाजी तापले. "सोड आधी."

"नाही सोडत, मालक. एक एक पोळी म्हणत सारं गाव चारते. नव्याच्या पोटाले झेपत नाही."

"मंग उद्यापासून येऊ नको."

हे शांतपणे म्हणाले, "नाही येत. पण आज मुसकी राहू द्या."

सोळा वर्षांचं काम होतं ते.

"मोठा शहाणा!" भैयाजी म्हणे. "गेल्या साली बैल मारला कोणं? तूच ना?"

"हव मालक. मीच."

आता मात्र मले राहवलं नाही. डोक्यावरचा पदर सावरायचंही भान नव्हतं. "ह्यायनं नाही, मालक! म्या मारला. लपून टोपलंभर ज्वारी चारली. माया आली म्हणून चारली. काढायचं तं आमाले दोघायले काढा, पण त्यायले खुनी म्हणू नका."

शोभाताईनं ताट खाली ठेवलं, अन् मुसक्याच्या वर, कपाळाले, एकेका बैलाले कुंकू लावत गेल्या. भैयाजी ते पाहत होते. "उद्या टाइमावर ये," एवढंच म्हणाले अन् गाडीकडं निंगाले.

ते गेल्यावर मी ह्यायच्याकडं पाहायले धजेना. आता हे मले फाडून खातीन असं वाटलं.

"मले मालूम होतं वं," हे म्हणाले. "ढोराच्या डॉक्टरनं मेलेल्या चांद्याचं पोट फाडलं तवा ज्वारी निंगाली. आपल्या गोठ्यात कुठं हाय ज्वारी?"

"सालभर मालूम होतं? मंग बोलले काहून नाही?"

"बोललो असतो तं तू पुन्हा कोण्या बैलाले हात लावला नसता. अन् आजारी बैल तुह्याच हातून पेज पिते, माह्या हातून नाही पीत."

शिव्या दिल्या असत्या तं सोसल्या असत्या. हे काही सोसलं नाही. तिथंच गव्हाणीपाशी बसून मी ढसाढसा रडली.