बेबी ऑफ रेखा

वाढदिवसाची संत्रा बर्फी हातावर ठेवली, तेव्हा मुलांच्या विभागातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "पल्लवी अठराची झाली. आता पुढचं सगळं मोठ्यांच्या विभागात." आजार कळला त्या दिवशीसुद्धा मी इतकी रडले नव्हते.

माझ्या मुलीला जन्मापासून हायड्रोसेफॅलस आहे, म्हणजे मेंदूत पाणी साचतं. ते पोटात उतरवायला एक बारीक नळी बसवली आहे, तिला शंट म्हणतात. नळी तुंबली की डोकं दुखतं, उलट्या होतात आणि उशीर झाला तर जीव जातो. पायांत जोर नाही, म्हणून व्हीलचेअर. मॅडमना हे काही सांगावं लागत नसे.

दोन महिन्यांनी पल्लवीचं डोकं ठणकू लागलं. कामठीहून ऑटोने नागपूर गाठलं. मोठ्यांच्या विभागाच्या नोंदणी खिडकीवर जुनी फाइल दिली. तिच्यावर जन्माच्या दिवशी लिहिलेलं नाव होतं, 'बेबी ऑफ रेखा'. रेखा म्हणजे मी. मुलांच्या विभागात सगळेच तिला ओळखायचे, त्यामुळे नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी स्वतःला फार हुशार समजते.

"बेबी आहे तर इकडं काहून आणलं? मुलांच्या विभागात न्या," खिडकीवरच्या बाई वर न बघता म्हणाल्या.

तिथे मॅडम रजेवर. नवे डॉक्टर म्हणाले, "अठरा पूर्ण झाली, आम्हाला भरती करता येत नाही." पुन्हा खिडकी, पुन्हा तेच. धड इकडची नाही, धड तिकडची नाही. तिसऱ्या फेरीत ती माझ्या हातावर ओकली. माझी पोरगी या दोन इमारतींच्या मध्ये मरणार, असं मला स्वच्छ वाटलं.

मोठ्यांच्या विभागातले एक डॉक्टर वाटेत थांबले. फाइल बघून म्हणाले, "बेबी कुठे आहे?"

मी तोंड उघडलं. अठरा वर्षं मीच बोलत आले.

"आई, तू थांब वं," पल्लवी म्हणाली. "मीच बेबी आहो जी. पल्लवी नाव आहे माह्यं. डोक्यात शंट आहे, तो तुंबून राहिला. सीटी स्कॅन करा."

तासाभरात तिला ऑपरेशनला घेतलं. संमतीपत्रावर सही करायला मी पेन उचललं, सिस्टरने ते काढून तिच्या हातात दिलं.

तुमचं लेकरू असं असेल तर फाइलवरचं नाव आजच बघा, आणि त्याला स्वतःचा आजार स्वतः सांगायला शिकवा. मी शिकवलं नव्हतं. ती ऐकून ऐकून शिकली.

या वेळी ती वाचली, पण नळी पुन्हा तुंबेल. तेव्हा मी असेन की नाही, कोण जाणे. नव्या फाइलवर माझं नाव कुठेच नाही.