गाड्यांचा आडोसा

दोन गाड्यांमध्ये वीतभर जरी फट राहिली, तरी हलीमाखाला गाडी पुन्हा मागेपुढे करायला लावत. मग स्टिअरिंगवर ट्रकचा ड्रायव्हर असो, कापडाचा सिंधी व्यापारी असो, नाहीतर आमचे हे असोत. दर शुक्रवारी सकाळी जुमेराच्या वाळूवर पाच-सहा गाड्या अशा एकमेकींना खेटून उभ्या राहायच्या, तोंडं गावाकडे आणि पाठी समुद्राकडे. टपांवरून चादरी सोडलेल्या असायच्या. पुरुषमंडळींनी गाड्यांच्या पुढ्यात गावाकडे तोंड करून बसायचं, गप्पा मारायच्या, सिगरेटी ओढायच्या, पण मागे वळून बघायचं नाही, ही अट. आणि मागच्या बाजूला आम्ही बायका पाण्यात.

तेव्हा यूएई हे नावही जन्माला आलं नव्हतं. साठच्या दशकातल्या त्या दुबईत आमच्यासारख्या बायकांना समुद्रावर जायला दुसरी सोयच नव्हती. मडमांना क्लबचं कुंपण होतं. आम्हाला होता तो उघडा किनारा, आणि उघड्या किनाऱ्यावर येणारेजाणारे. खालांनी त्यावर गाड्यांचा उतारा शोधून काढला होता. कुठे वाळू घट्ट आहे, कुठे चाक रुतेल, हेही त्याच दाखवायच्या. त्यांचं न ऐकता पुढे गेलेल्या एका मोटारीला आठ माणसांनी उचलून काढलं होतं, तेव्हापासून पुरुषही निमूट ऐकायचे.

खाला हर्णैच्या बाजूच्या. नवरा फार लवकर गेला. भाचा इथे ट्रक चालवायचा, त्याच्याबरोबर त्या आल्या आणि सुईणपण करू लागल्या. बुटक्या, रुंद, चालताना डावीकडे किंचित झुकणाऱ्या. डोक्यावरची ओढणी मी कधी ढळलेली पाहिली नव्हती. शेजारच्या सुमनताईंच्या बाळंतपणाला त्या आल्या तेव्हा माझी आणि त्यांची ओळख झाली. मी नवी नवरी, सांगलीहून आलेली. समुद्र पाहिला तो थेट बोटीवरूनच. खालांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं आणि तिसरा प्रश्न विचारला तो पोहता येतं का, हा. मी हसून म्हटलं, मला कशाला यायला हवंय पोहायला.

त्यावर त्यांनी मला चांगलंच झापलं. खाडी ओलांडायला तू रोज अब्रात बसतेस ना, म्हणाल्या. त्या होडक्यात दहाच्या जागी वीस माणसं कोंबतात. एखाद्या दिवशी उलटली तर पुरुष काठाला लागतील, तू काय करशील? त्यांच्या गावात बायका खाडीत कालवं काढायला जात. "भरती काय नवऱ्याला विचारून येते गो?" असं म्हणत त्यांनी बाळाचा लंगोट बदलला आणि पुढच्या शुक्रवारी मला यायला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

त्यांची शिकवायची रीत एकदम साधी. आधी पाठीवर तरंगायला शिकायचं, हातपाय मारणं नंतर. छातीएवढ्या पाण्यात त्या खजुराच्या झावळीचा एक दांडा रोवायच्या. त्याच्या पलीकडे कुणीही जायचं नाही, कारण पुढे वाळू एकदम तुटलेली होती आणि तिथून पाणी बाहेर ओढून न्यायचं. वायव्येकडचा शमाल वारा दोन दिवस वाहिला, की त्या आठवड्यात फक्त गुडघ्याएवढं पाणी. कुणी लाजायला लागली की म्हणायच्या, "पाण्यात लाज धरू नुको, श्वास धर." आणि कुणाला फारच धीर आला की, "दर्या वाईट नाय बाय, पण त्याला कुणाचं नाव ठावं नाय."

आणखी एक नियम होता, साडी नेसून पाण्यात यायचं नाही. खालांनी स्वतः जाड गडद कापडाचे सैल सलवार-कमीज प्रत्येकीसाठी शिवले होते. सुमनताईंनी घातला, सिंधी वहिनींनी घातला. मी नाही घातला. मला संकोच वाटतो, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. संकोच साडीत जास्त वाटायला हवा होता, ती ओली झाली की अंगाला चिकटते. खरं कारण असं, की मुसलमान बाईने शिवलेली सलवार घालून मी त्यांच्यातली दिसेन, आणि हे कुणीतरी सांगलीला कळवेल, ही मला भीती होती. हे आज लिहितानाही मान खाली जाते. खालांनी दोन वेळा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. तू गुडघ्यापुढे यायचं नाहीस, एवढंच म्हणाल्या.

मी मात्र पुढे जात राहिले. दीड-दोन महिन्यांत मला पाठीवर तरंगता येऊ लागलं, आणि त्याचा मला गर्व झाला. त्या शुक्रवारी, दोन दिवस वाहिलेला शमाल आदल्या दिवशीच पडला होता. पाणी वरून शांत दिसत होतं. खालांनी सगळ्यांना गुडघ्याएवढ्या पाण्यात थांबवलं आणि त्या एका म्हाताऱ्या बाईचा हात धरून तिला आत आणायला वळल्या. तेवढ्यात मी कासोटा मारून पाठीवर पडले. डोळे मिटले. उघडले तेव्हा दांडा माझ्या आणि किनाऱ्याच्या मध्ये होता.

उभं राहायला गेले तर पायाखाली काही नाही. कासोटा सुटला आणि साडी पायांना गुंडाळली गेली. नंतरचं तुटक आठवतं. खालांचा आवाज, मग त्यांचे हात. मी त्यांच्या गळ्याला मिठी मारली तेव्हा त्यांनी मला एक सणसणीत थप्पड मारली आणि ओरडल्या, "सोड! मी धरलंय!" मग त्यांनी पाण्याखाली हात घालून माझी साडी फेडली, वार वार करून, आणि सोडून दिली. इकडे बायकांनी आरडाओरडा केला आणि पुरुष गाड्यांना वळसा घालून धावत आले. मी वाळूवर पडले होते, परकर-पोलक्यात, सहा पुरुषांच्या समोर. खालांनी एका क्षणाचाही विचार न करता स्वतःची ओढणी काढली आणि माझ्या अंगावर टाकली. आणि त्या तशाच उभ्या राहिल्या, उघड्या डोक्याने, ओल्या पिकलेल्या केसांनी, त्याच पुरुषांच्या समोर.

घरी आल्यावर यांनी आधी दार लावलं. मग विचारलं, साडी कुणी सोडली.

"खालांनी."

"का?"

"साडीत पोहता येत नाही, असं म्हणतात त्या."

यात एकही शब्द खोटा नव्हता. मी दांड्याच्या पलीकडे गेले, मला बजावलं होतं, मी बुडत होते, एवढंच मी वगळलं. चूक माझी म्हटली असती तर नवऱ्याची बोलणी खावी लागली असती. फार तर चार दिवस. तेवढेही मला नको होते.

आठवड्याभरात गोष्ट सगळीकडे झाली. सुईणबाई चांगल्या घरच्या बायकांना साड्या सोडायला लावते, या रूपात. आपलंही नाव येईल म्हणून पाण्यातल्या बायकांनी ती खोडली नाही. पुढच्या शुक्रवारी एकच गाडी आली, भाच्याचा ट्रक. एका ट्रकाचा आडोसा किती होणार? त्यानंतर तोही आला नाही. बाळंतपणाची बोलावणीही थांबली. ज्यांच्या घरी दोन-दोन पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती, ती माणसं आता इस्पितळाची चौकशी करू लागली.

सुमनताई त्या शुक्रवारी आल्या नव्हत्या, पण त्यांना ते पाहवेना. एका संध्याकाळी त्या खालांना घेऊन सरळ आमच्या घरी आल्या. हे पुढच्या खोलीतच बसले होते. सुमनताई म्हणाल्या, "वत्सला, यांच्यासमोर सांग. त्या दिवशी काय झालं ते सांग, म्हणजे हे थांबेल." सगळे माझ्याकडे बघत होते. खाला माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या दाराशी चप्पल न काढता उभ्या होत्या.

मी म्हणाले, "मला काही आठवत नाही. नाकातोंडात पाणी गेलं होतं."

मग खालांनीच सुमनताईंच्या हाताला धरलं. "चल गो," म्हणाल्या, "बुडत्या माणसाला नसतं आठवत." जाताना मला विचारलं, कानात अजून पाणी आहे का, असलं तर कोमट तेलाचे दोन थेंब घाल. माझ्या कानात पाणी नव्हतं. मी मान हलवली.

वर्ष संपायच्या आत त्या मुंबईच्या बोटीने गावी गेल्या. मी निरोप द्यायला गेले नाही. पोहायला आमच्यातली कुणी पुन्हा गेली नाही. अब्रात मात्र रोज बसत होतो, वीस-वीस माणसांत.

बऱ्याच वर्षांनी त्यांचा भाचा बाजारात भेटला. खाला गेल्या, म्हणाला, झोपेतच. शेवटपर्यंत गावातल्या पोरींना खाडीवर न्यायच्या, हेही त्याने सांगितलं. मी घरी आले, पिशवी ठेवली आणि यांना सगळं सांगितलं. दांडा, वारा, सलवार, थप्पड, काही शिल्लक ठेवलं नाही. आता हे चिडतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी चिडावं असं वाटतही होतं.

यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "मला माहीत होतं," म्हणाले.

मला कळेना. मग हळूहळू, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं. आरडाओरडा व्हायच्या आधीच त्यांनी चादर बाजूला करून पाहिलं होतं. बायकोला खरंच तरंगता येतं का, एवढंच बघायचं होतं. मी दांड्याच्या पलीकडे गेलेली त्यांना दिसली, खाला ओरडत पाण्यात झेपावल्या तेही दिसलं.

"मग सुमनताई आल्या तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय सांगणार होतो? सगळ्यांच्या बायका पाण्यात असताना मी चोरून बघत होतो म्हणून?" त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उचललं. "आणि मला वाटलं, तू सांगशील."

खाला दाराशी उभ्या होत्या तेव्हा त्या खोलीत खरं माहीत असलेली तीन माणसं होती. त्यांतलं एक माणूस आपल्या तोंडाने आपली बाजू मांडणार नव्हतं. उरलो होतो आम्ही दोघं.