डोक्यामागची गाठ

आज नातवाच्या डोक्याला तेल लावताना बोटं मागच्या हाडापाशी अडली आणि आमच्या दाभोसा गावातली ती जीप आठवली. माझी मंदा तेव्हा चार वर्षांची होती. ती माळ्यावरून पडली आणि डोक्यामागे टणक गाठ हाताला लागली, म्हणून पूर्ण जीप ठरवून तिला जव्हारला नेत होतो. दर वळणाला मी गाठ चाचपायचो. ती वाढल्यासारखीच वाटायची.

सोबत आलेल्या शेजारच्या सोनीआजीनं माझाच हात माझ्या डोक्यामागे दाबला. “तुलाबी हाय ना? हाड हाय ते, येड्या!”

“मग फिरवू माघारी?” ड्रायव्हर हसला.

हाड अगदी तसंच होतं. मंदा बाहेरच्या बकऱ्यांना हाका मारत होती. तरी मी म्हणालो, “नाही, चला.”

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ड्रायव्हरला मी जाण्या-येण्याचं पूर्ण भाडं दिलं. घासाघीस न करता दिलेलं माझं ते पहिलंच भाडं.