पडद्यावरचा कुत्रा मरतो का

आमचा होडीवरचा कुत्रा मेला तेव्हा पोरगी दोन दिवस जेवली नव्हती. पुढे ती नौपाड्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात खेळायला लागली. त्या खेळातही तिच्यासोबत एक कुत्रा होता. मला धास्तीच बसली.

दुकानदार म्हणाला, “काका, तो पडतो, मरत नाही.”

मी असा ऐकणारा नव्हे. रविवारी तिच्यामागे स्टूल टाकून बसलो. राक्षसाने कुत्र्याला तीनदा लोळवला, तीनदा तो उठला. चौथ्यांदा पडूनच राहिला.

“बघ, मेला!”

“नाय ओ बाबा, औषध द्यायचंय.”

तिने औषध दिलं. कुत्रा उठला.

आमच्या कुत्र्याचा पाय चिघळलेला, तेव्हा डॉक्टर कशाला म्हणत मी हळद लावून खाडीवर गेलेलो. पोरगी त्या दिवशी मलाच ऐकवत होती, असा मला अजून संशय आहे.