जायफळाची पुडी

स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर ती चकचकीत पट्टी दिसली ना तुम्हाला? मग बसा. कॉफी टाकते. ती पट्टी तिथं का लावलीय हे विचारल्याशिवाय आमच्याकडचा एकही पाहुणा जात नाही, आणि खरं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. हसू नका असं मी म्हणणार नाही. हसणारच तुम्ही.

तर मला छातीचं दुखणं आहे. चार इंग्रजी अक्षरं आहेत त्याच्या नावात. विडी-सिगरेट? छे हो! तीस वर्षं चुलीपुढे बसून फुंकणी फुंकली, त्याचा हा प्रसाद. आता गॅस आहे, चूल कधीच बंद केली, पण छातीनं जे धरून ठेवलंय ते काही सोडत नाही. विहिरीवरून ओटीपर्यंत यायचं तर मध्ये एकदा पोफळीला टेकून उभं राहावं लागतं. बाकी मी ठणठणीत. जिभेला तर कधी धाप लागलेली कुणी पाहिली नाही.

दिवेआगरची ही वाडी माझा जीव आहे. त्याच्याखालोखाल जायफळ घातलेली, दुधाची, दाट कॉफी. नवरा तिसरा. त्यांना माहीत आहे, काळजी करू नका.

आमचे हे, म्हणजे नाना, कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले. वादळात आमच्या घरावरचे पत्रे उडाले आणि कपाटातले सगळे कागद भिजून लगदा झाले. सातबारा, शाळेचे दाखले, लग्नाचे फोटो, काही म्हणता काही राहिलं नाही. त्या दिवसापासून यांनी धसकाच घेतला. लॅमिनेशनचं मशीनच आणलं घरी! दिसला कागद की घाल प्लास्टिकात. आमच्या होमस्टेच्या पाहुण्यांसाठी 'नारळाखाली गाडी लावू नये' ही पाटी ठीक आहे हो. माझी मोदकांची कृतीसुद्धा लॅमिनेट केली, आणि खाली सही!

गेल्या वर्षी आम्ही अलिबागला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी एका नळीत जोरात फुंकायला लावलं, आकडे काढले, आणि श्वासातून घ्यायचा पंप दिला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. निघताना तिथल्या मुलीनं आणखी एक छापील कागद हातात ठेवला. "काकू, हा जपून ठेवा," म्हणाली.

जपायला माझ्याकडे दिला, तिथंच चुकलं.

परतताना आगरदांड्याला फेरीबोटीत बसलो. हे इंजिनाकडे बघायला गेले आणि मी कठड्याशी उभी. एक लाट अशी आदळली की तोंडावर फवारा! कागदाचा वरचा भाग चिंब. शिक्क्याची निळी शाई पसरली. आता यांना भिजलेला कागद दाखवायचा म्हणजे दिघी येईपर्यंत वादळाची कहाणी पहिल्यापासून ऐकायची. मी काय केलं, ओली पट्टी घडीवर अलगद फाडली आणि पर्समध्ये टाकली. वर असून असून काय असणार? दवाखान्याचं नाव, पत्ता. खालचा मजकूर कोरडा खडखडीत होता.

घरी येताच हे मशीन घेऊन बसले, आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजवर हुकूम लागला:

चहा, कॉफी घेऊ नये.
पोटभर जेवू नये.
घट्ट कपडे घालू नयेत.
सकाळचा पंप घेऊ नये.
धावपळ करू नये, जिने चढू नयेत.

मी म्हटलं, "अहो, डॉक्टरांनी तर पंप सकाळ-संध्याकाळ सांगितलाय."

"तो कागद आधीचा. हा नंतर मिळाला," हे चष्मा पुसत म्हणाले. "नंतरचं परिपत्रक आलं की आधीचं आपोआप रद्द होतं."

"पण डॉक्टरांना एक फोन करून—"

"छापील आहे गं! छापील!"

आता चाळीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसापुढे काय बोलणार? सकाळचा पंप बंद झाला. ब्लाउज सगळे शिंप्याकडे नेऊन उसवून सैल केले, तर गावात बोलायला लागले की बाई आजारानं वाळली हो. जेवण अर्ध्या पोटी. माझ्या हातचे मोदक आणि मी एकावर थांबायचं! पाचवा नियम मात्र मला फार आवडला. पाहुण्यांच्या खोल्या वर आहेत. चहाचे ट्रे घेऊन वर्षभर नाना जिने चढले.

राहिली कॉफी. चहाचं मला काही नाही, पण कॉफी? चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी पाहुण्यांसाठी कॉफी केली ती एक कप जास्त झाली. आता ओतून द्यायची का? पदराखाली झाकून विहिरीमागे गेले आणि उभ्यानं प्याले. मग रोजच 'जास्त' व्हायला लागली. जायफळ किसून एका पुडीत बांधून पर्समध्येच ठेवलं, कारण पर्सला नाना हात लावत नाहीत.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. कॉफी पिऊन थोडा वेळ गेला की मला बरं वाटायचं! पोफळीला न टेकता ओटीपर्यंत यायचे. मी विचारात पडले. जी वस्तू बंद करायला सांगितलीय तिनं बरं कसं वाटेल? माझ्या डोक्यात एकदा किडा शिरला की तो बाहेर निघेपर्यंत मला झोप नाही.

आमच्या वाडीत पारू कामाला येते. नारळ उतरवले की ढीग मोजायचं काम आम्हा दोघींचं. मी पारूला म्हटलं, "मी एका दमात मोठ्यानं मोजते. कुठं थांबले ते तू लक्षात ठेव."

कॉफीआधी अठरा नारळ. कॉफीनंतर अर्ध्या तासानं तेवीस!

"काकी, पाच नारल वाढलं की वं!" पारू डोळे मोठे करून म्हणाली.

"वाढले ना? पण कशानं वाढले? गरम प्याले म्हणून?"

दुसऱ्या दिवशी नुसतं गरम पाणी प्याले. अठरा. मग वाटलं, जायफळाचा गुण असेल. गरम दुधात जायफळ घालून नानांसमोर राजरोस प्याले. अठरा! आता राहिलं काय, सांगा? मला एक भलतीच शंका आली.

"पारू, मी चोरून पिते म्हणून तर नसेल? चोरीत छाती धडधडते, त्यानं श्वास मोकळा होत असेल."

"मंग कायतरी दुसरं चोरा आनि बघा," पारू म्हणाली. तिला तरी काय काम!

तर अहो, या वयात, स्वतःच्या घरात, स्वतः घातलेली आंबापोळी मी चोरून खाल्ली. विहिरीमागेच, अगदी छाती धडधडेपर्यंत. नारळ? अठरा.

"काफीच हाय ती, काकी. दुसरं काय न्हाय," पारूनं निकाल दिला.

पण गंमत तेवढीच. बाकीचा दिवस वाईट जायला लागला होता. सकाळी उठले की पहिला तासभर बोलवत नसे. मी! मला बोलवत नसे! नानांचा चेहरा उतरायचा. पुण्याहून मंदारचा, आमच्या मुलाचा, फोन आला.

"आई, वर्षाची तपासणी आलीय ना? या वेळी आकडा खाली आला तर मी काही ऐकणार नाही. होमस्टे बंद करायचा आणि दोघांनी इकडे यायचं. दवाखाना समोर आहे."

"अरे, तुझं घर अकराव्या मजल्यावर."

"लिफ्ट आहे."

लिफ्ट आहे! वाडी आहे का? विहीर आहे का? मी त्याच्यावर चिडले नाही, त्याला काळजी वाटते ते कळत होतं मला. पण त्या रात्री रडले. चाळीस वर्षांपूर्वी या वाडीत आले तेव्हा हे माड माझ्या कमरेएवढे होते हो.

मग ठरवलं. आकडा खाली येऊ द्यायचाच नाही. पाच नारळ कशानं वाढतात हे मला एकटीला माहीत होतं ना!

तपासणीच्या दिवशी आगरदांड्याला उतरलो. हे गाडीच्या चाकात हवा आहे का बघायला वाकले, तेवढ्यात मी टपरीवर.

"भाऊ, एक कॉफी, कडक. नको, दोनच करा."

पुडीतलं जायफळ टाकलं आणि घटाघटा दोन्ही प्याले. जीभ भाजली, पण पुणं टळत असेल तर जीभ गेली खड्ड्यात.

अलिबागला डॉक्टरीणबाईंनी नळी पुढे केली आणि थांबल्या. वास घेतला. "काकू, जायफळ?"

मी पर्स पोटाशी धरली.

"कॉफी घेतलीत आज?"

नाना खुर्चीतून उठलेच. "शक्यच नाही! एक वर्ष झालं, थेंब नाही!"

मला खोटं निभावत नाही. रडू आलं आणि सगळंच बाहेर पडलं. "घेतली. आज दोन घेतल्या. वर्षभर रोज चोरून घेतेय. पण डॉक्टर, कॉफीनं श्वास वाढतो हो! मी मोजलंय! नारळ मोजून, आंबापोळी खाऊन, सगळं करून बघितलंय!"

त्यांनी आंबापोळीसकट सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरोबर मोजलंत तुम्ही. कॉफीनं श्वासनळ्या थोड्या सैल होतात, थोडा वेळ. ते औषध नव्हे, पण आकडा फसवा येतो. म्हणून तर तपासणीच्या दिवशी नको म्हणतो. एरवी दिवसाला दोन कप खुशाल प्या. कुणी बंद केली?"

"तुम्हीच!" नाना म्हणाले आणि पिशवीतून लॅमिनेट केलेला हुकूम काढून टेबलावर ठेवला. प्रवासातही बरोबर असतो त्यांच्या!

डॉक्टरांनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "सकाळचा पंप?"

"बंद," नाना अभिमानानं म्हणाले. "वर्षभर. एकही दिवस चूक नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "या कागदाचा वरचा भाग कुठंय?"

"वरचा कुठला?" नानांनी माझ्याकडे पाहिलं.

आणि मला फेरी आठवली. लाट आठवली. पर्स उघडली, आत चाचपडले. होती काय पट्टी? होती. जायफळाची पुडी! हाताला लागेल त्या कागदात जायफळ बांधलं होतं मी, छपाई आतल्या बाजूला करून. पुडी सोडली. जायफळाच्या डागांमधून ठळक अक्षरं वर आली: 'फक्त तपासणीच्या दिवशी पाळायच्या सूचना'.

नाना एवढंच म्हणाले, "अगं, ओला कागद वाळवता येतो." ते रागावले असते तर बरं झालं असतं. यांचे डोळे भरून आले होते.

तपासणी झालीच नाही. डॉक्टरीणबाईंनी दोघांना चांगलं फैलावर घेतलं, पंप पुन्हा सकाळ-संध्याकाळ सुरू केला, आणि महिन्यानं बोलावलं. महिनाभरात सकाळी उठल्या उठल्या माझी बडबड सुरू झाली. मोदक चारावर गेले. कॉफी उघड उघड प्यायला लागले, तर मेली तिला ती चव नाही! दुसरा कप अजून विहिरीमागेच पिते. आणि नानांनी ती डागाळलेली पट्टी लॅमिनेट करून भिंतीवर लावली. तुम्ही बघितलीत तीच.

महिन्यानं गेले ते पाण्याच्या घोटावर. नळीत फुंकलं. आकडा गेल्या वर्षीपेक्षा चिमूटभर वरच! फेरीतूनच मंदारला फोन लावला. आकडा ऐकून तो म्हणाला, "बरं बाई, राहा तुझ्या वाडीत." मग इतके दिवस लपवलेलं सगळं त्याला सांगून टाकलं, लाटेपासून पुडीपर्यंत. तो आधी खूप ओरडला. मग म्हणाला,

"आई, म्हणजे अख्ख्या वर्षात फक्त एका सकाळी कॉफी प्यायची नव्हती. आणि त्याच सकाळी तू दोन प्यालीस?"

"हो रे," मी म्हटलं. "आणि त्यासुद्धा चोरून."